एकट्या खलाशाची पृथ्वीप्रदक्षिणा

बुलढाणा जिल्ह्यापासून समुद्र दूर आहे. सरळ रेषेत मोजले, तरी तीनशे किलोमीटरांहून अधिक. या जिल्ह्यात खारे पाणी पाहायचे असेल, तर लोणारच्या सरोवराकाठी जावे लागते. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात समुद्रावर जी मोठी उलथापालथ झाली, तिचा या जिल्ह्याशी निकटचा संबंध आला. नोव्हेंबर १८६९ मध्ये सुवेझ कालवा खुला झाला आणि पुढच्याच वर्षी जलंब-खामगाव लोहमार्गाचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते झाले. वऱ्हाडचा कापूस खामगावच्या बाजारातून रेल्वेने मुंबईला आणि तेथून आगबोटीने सुवेझमार्गे युरोपातील गिरण्यांकडे जाऊ लागला. आफ्रिकेला घालावा लागणारा हजारो मैलांचा वळसा वाचला. मात्र वाऱ्याच्या मर्जीवर चालणाऱ्या शिडाच्या जहाजांना हा कालवा आणि पुढचा अरुंद तांबडा समुद्र मुळीच सोयीचा नव्हता. ज्या वाफेने खामगावची बाजारपेठ जगाशी जोडली, त्याच वाफेने शिडाच्या जहाजांवर पोट असलेल्या हजारो खलाशांचा आणि कप्तानांचा धंदा हळूहळू बुडवला.

अशाच एका कप्तानाने वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, स्वतः बांधलेल्या जेमतेम सदतीस फूट लांबीच्या शिडाच्या नौकेतून, कोणीही सोबतीला नसताना पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारा तो जगातील पहिला माणूस. त्याचे नाव जोशुआ स्लोकम.

जोशुआचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ रोजी कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील नोव्हा स्कोशिया प्रांतात, एका शेतकरी कुटुंबात झाला. अकरा भावंडांतला तो पाचवा. आजोळचे आजोबा दीपगृहाचे रखवालदार होते. शेतीत भागेना म्हणून वडिलांनी कुटुंब ब्रायर बेटावर हलवले आणि तेथे कोळ्यांसाठी चामड्याचे बूट बनवण्याचा व्यवसाय सुरू केला. दहा वर्षांच्या जोशुआची शाळा सुटली आणि त्याला बुटांच्या कामाला बसवण्यात आले. चामडे भिजवण्याच्या कोंदट वासात दिवस काढणाऱ्या या मुलाचे लक्ष मात्र खिडकीबाहेरच्या जहाजांकडे असे. एकदा तळघरात लपून तो जहाजाची छोटी प्रतिकृती बनवत होता. वडिलांनी ते पाहिले आणि रागाच्या भरात ती मोडून टाकली. चौदाव्या वर्षी तो मासेमारीच्या जहाजावर स्वयंपाक्या म्हणून पळून गेला, पण लवकरच परत आला. १८६० मध्ये आईचे निधन झाले आणि घराशी बांधणारा शेवटचा धागा तुटला. सोळा वर्षांचा जोशुआ एका व्यापारी जहाजावर साधा खलाशी म्हणून चढला, तो घर कायमचे सोडूनच.

पुढची वाटचाल वेगाने झाली. तिसरी-चौथीपर्यंत शिकलेल्या या मुलाने जहाजावरच्या फावल्या वेळात नौकानयनाचे गणित आत्मसात केले आणि अठराव्या वर्षी अधिकारीपदाची ब्रिटिश परीक्षा उत्तीर्ण केली. चीन, मनिला, बटाव्हिया, सिंगापूर अशी बंदरे त्याने पाहिली. पुढे सॅन फ्रान्सिस्कोला स्थायिक होऊन त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. १८६९ मध्ये, म्हणजे सुवेझ कालवा खुला झाला त्याच वर्षी, त्याला पहिले जहाज चालवायला मिळाले. ज्या विद्येत तो पारंगत झाला होता, तिचा अस्त त्याच सुमारास सुरू झाला होता.

१८७१ मध्ये सिडनी येथे त्यांचा व्हर्जिनिया वॉकर यांच्याशी विवाह झाला. व्हर्जिनिया पतीबरोबर समुद्रावरच राहिल्या. मुले जहाजावर जन्मली, जहाजावरच वाढली. सात अपत्यांपैकी चार जगली. एकामागून एक जहाजे हाताखालून गेली आणि १८८२ मध्ये ‘नॉर्दर्न लाइट’ या भव्य जहाजाचे कप्तानपद व भागीदारी स्लोकम यांच्याकडे आली. तो त्यांच्या व्यावसायिक आयुष्याचा कळस होता. त्यानंतर मात्र उतरणच लागली. १८८४ च्या जुलैमध्ये ‘अ‍ॅक्विडनेक’ हे त्यांचे जहाज ब्युनोस आयर्सच्या बंदरात असताना व्हर्जिनिया यांचे अवघ्या चौतिसाव्या वर्षी निधन झाले. त्या धक्क्यातून स्लोकम कधीच पूर्णपणे सावरले नाहीत, असे त्यांच्या मुलांचे मत होते. दोन वर्षांनी त्यांनी हेन्रिएटा एलियट या चुलत घराण्यातील तरुणीशी दुसरा विवाह केला. १८८७ चे वर्ष तर संकटांची मालिकाच ठरले. जहाजावर बंड झाले, त्यात स्लोकम यांच्या गोळीने एक खलाशी ठार झाला. स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. मग खलाशांमध्ये देवीची साथ पसरली आणि अखेर ब्राझीलच्या किनाऱ्यावर ‘अ‍ॅक्विडनेक’ वाळूत रुतून फुटले. विमा नव्हता. आयुष्याची कमाई एका ओहोटीत गेली.

पत्नी आणि दोन मुलांसह परक्या किनाऱ्यावर अडकलेल्या या कप्तानाने कोणापुढे हात पसरला नाही. फुटलेल्या जहाजातून वाचलेले सामान आणि जंगलातले लाकूड घेऊन त्यांनी पस्तीस फुटी नौका बांधली. १३ मे १८८८ रोजी ती पाण्यात उतरली, त्याच दिवशी ब्राझीलमध्ये गुलामगिरी रद्द झाली. म्हणून नौकेचे नाव ‘लिबरदादे’, म्हणजे स्वातंत्र्य, असे ठेवण्यात आले. या नौकेतून हे कुटुंब साडेपाच हजार मैलांचा प्रवास करून सुखरूप अमेरिकेला पोहोचले. हेन्रिएटा पुन्हा लांबच्या सफरीला गेल्या नाहीत. मात्र स्लोकम यांना या प्रवासाने एक गोष्ट पटवून दिली. नीट बांधलेली आणि नीट भार भरलेली लहान नौका महासागरात मोठ्या जहाजाइतकीच तगू शकते. लाट आली की मोठे जहाज तिला भिडते, तर लहान नौका तिच्यावर स्वार होते.

अमेरिकेत परतल्यावर काम मिळेना. बंदरांमध्ये आता आगबोटींचे धुराडे दिसत होते आणि शिडाचे कप्तान गोदीत मजुरी शोधत होते. १८९२ च्या हिवाळ्यात एबेन पिअर्स नावाच्या एका वृद्ध कप्तानाने स्लोकम यांना एक नौका देऊ केली. मॅसॅच्युसेट्समधील फेअरहेवन या गावी जाऊन पाहतात तो काय, ‘स्प्रे’ नावाची ती जुनाट नौका पाण्यापासून दूर एका माळावर ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे पडून होती. तिची थट्टा करावी अशीच तिची अवस्था होती. गावकऱ्यांना वाटले, हा माणूस ती मोडीत काढायला आला असावा. स्लोकम यांनी कुऱ्हाड उचलली आणि जवळचाच एक ओक वृक्ष पाडून नव्या कण्यापासून सुरुवात केली. लाकडाच्या पट्ट्या वाफेवर मऊ करून त्यांना बाक देऊन बरगड्या बसवल्या, त्यांवर फळ्या चढवल्या. जुन्या नौकेचा एक एक भाग काढून त्याच जागी नवा बसवत गेल्याने नाव तेच राहिले, नौका मात्र संपूर्ण नवी झाली.

फळ्यांमधले सांधे बुजवण्याची वेळ आली, तेव्हा स्लोकम यांनी त्यांत कापसाचा पेळू ठोकून बसवायला सुरुवात केली. पाहायला जमलेल्या जाणत्यांपैकी काहींनी हा कापूस समुद्रात सरकून बाहेर येणार असे भाकीत केले. स्लोकम यांनी शांतपणे कापसावर डांबरी दोराच्या तंतूंचा थर ठोकला. तीन वर्षांच्या प्रवासात तो कापूस कधी हलला नाही. तेरा महिने श्रम आणि ५५३ डॉलर ६२ सेंट एवढा खर्च करून नौका उभी राहिली. लांबी ३६ फूट ९ इंच, रुंदी १४ फूट २ इंच. एक डोलकाठी, इंजिन नाही. वर्षभर तिच्यावर मासेमारीचा प्रयत्न करून पाहिला, तो जमला नाही. तेव्हा या कप्तानाने ठरवले, की आपल्याला जे येते तेच करावे. नौका चालवावी, आणि ती थेट जगाभोवती.

२४ एप्रिल १८९५ रोजी ‘स्प्रे’ने बोस्टन बंदर सोडले. वाटेत स्लोकम यांनी बालपणीचे ब्रायर बेट पाहिले आणि जुलैच्या आरंभी अमेरिकेचा किनारा दृष्टिआड झाला. महासागरातील प्रवासाला अचूक घड्याळ लागते, कारण रेखांश काढण्याचे सगळे गणित वेळेवर बेतलेले असते. स्लोकम यांचे क्रोनोमीटर दुरुस्त करायला पंधरा डॉलर लागणार होते. तेवढे पैसे नसल्याने त्यांनी ते घरीच ठेवले आणि यार्मथ येथे काच फुटलेले एक पत्र्याचे घड्याळ डॉलरभरात विकत घेतले. हीच काय ती त्यांची वेळ मोजण्याची साधने! पुढे तर त्याचा मिनिटकाटाही गेला. त्यांचा खरा भरवसा होता तो सूर्य-चंद्राचे वेध, पाण्याचा रंग, पक्ष्यांची दिशा आणि नौकेने कापलेल्या अंतराचा रोजचा हिशेब यांवर. प्रशांत महासागरात त्यांनी चंद्राचे अंतर मोजून स्थान काढले. उत्तर जुळेना, तेव्हा छापील कोष्टकातच चूक असल्याचे त्यांनी शोधून काढले.

दुसरा प्रश्न झोपेचा. एकट्या माणसाने सुकाणू किती वेळ धरावे? ‘स्प्रे’चा लांब कणा आणि शिडांचा समतोल असा साधला होता, की सुकाणूचे चाक दोराने बांधून ठेवले की नौका आपल्या दिशेने सरळ जात राही. त्या वेळी कप्तान खाली स्वयंपाक करत, वाचत किंवा निजत. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील थर्सडे बेटापासून हिंदी महासागरातील कीलिंग बेटांपर्यंतचे सत्तावीसशे मैल त्यांनी २३ दिवसांत कापले. त्यात सुकाणूला हात लावला तो सगळा मिळून सुमारे तीन तास. इंजिन वा विजेची सोय नसताना साधलेली ही किमया आजही नौका बांधणारे अभ्यासतात.

आणि तिसरा प्रश्न एकटेपणाचा. सुरुवातीच्या दिवसांत आवाज बसेल या भीतीने स्लोकम स्वतःलाच मोठ्याने आज्ञा देत. अझोर्स बेटांवर भेट मिळालेले आलुबुखार आणि ताजे चीज खाऊन त्यांच्या पोटात असह्य कळा आल्या. ते खोलीत कोसळले आणि बाहेर वादळ सुरू झाले. तापाच्या ग्लानीत त्यांना सुकाणूवर कोलंबसाच्या ‘पिंटा’ जहाजाचा वाटाड्या उभा दिसला. शुद्धीवर आले तेव्हा नौका रात्रभरात जवळजवळ नव्वद मैल योग्य दिशेने गेलेली होती.

पूर्वेकडे, सुवेझमधून जाण्याचा त्यांचा मूळ बेत होता. जिब्राल्टरला ब्रिटिश नौदलाच्या अधिकाऱ्यांनी पुढच्या मार्गावरील चाच्यांच्या भीतीने तो बदलायला लावला. ज्या कालव्याने त्यांचा धंदा नेला, त्या कालव्याकडे पाठ फिरवून स्लोकम पश्चिमेला वळले. गंमत अशी, की चाचे भेटले ते इथेच. मोरोक्कोच्या किनाऱ्यालगत एका नौकेने त्यांचा पाठलाग केला. वाऱ्याचा मोठा झोत आला, ‘स्प्रे’च्या शिडाचा वासा मोडला, पण पाठलाग करणाऱ्यांची डोलकाठीच कोसळली. पुढे उरुग्वेच्या किनाऱ्यावर नौका वाळूत चढली. नांगर दूर नेऊन टाकण्यासाठी छोट्या होडीतून जाताना ती उलटली आणि तेव्हा स्लोकम यांना आठवले, की आपल्याला पोहता येत नाही. आयुष्याचा मोठा भाग समुद्रावर काढलेला हा माणूस उलट्या होडीला धरून कसाबसा वाचला.

खरी कसोटी दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, मॅगेलनच्या सामुद्रधुनीत लागली. फेब्रुवारी १८९६ मध्ये ते तेथे शिरले. डोंगरकड्यांवरून अचानक कोसळणारे वारे, बर्फ आणि तासातासाला बदलणारे प्रवाह अशी ही जागा. वसाहतकारांनी तिथल्या मूळ रहिवाशांवर केलेल्या अत्याचारांमुळे दोन्हीकडचे वैर टोकाला गेले होते आणि एकट्या माणसाला तेथे झोपणे धोक्याचे होते. पुंता अरेनास येथे सॅम्ब्लिच नावाच्या कप्तानाने त्यांना एक अजब भेट दिली. ती होती सतरंजी ठोकायच्या खिळ्यांची पिशवी. स्लोकम रोज रात्री ते खिळे डेकवर पसरून झोपत. एका रात्री अनवाणी चढलेल्या पाहुण्यांच्या किंकाळ्यांनी त्यांना जाग आली आणि पाहुणे उड्या टाकून पळाले. सामुद्रधुनी पार करून प्रशांत महासागरात पोहोचताच प्रचंड वादळाने नौकेला पुन्हा केप हॉर्नच्या बाजूला रेटले. अंधाऱ्या रात्री, गारांच्या माऱ्यात, फेसाळत्या खडकांच्या जाळ्यातून त्यांनी वाट काढली. चार्ल्स डार्विन यांनी ‘बीगल’ जहाजावरून हीच जागा पाहून तिच्या भीषणतेची नोंद केली होती. पुन्हा तीच सामुद्रधुनी, पुन्हा तेच वारे. अखेर १३ एप्रिलला ‘स्प्रे’ मोकळ्या प्रशांतात आली.

त्यानंतरचे दिवस सुखाचे होते. हुआन फर्नांडेझ बेटावर त्यांनी रहिवाशांना चरबीत तळलेले गोड वडे करायला शिकवले. तेथून न थांबता बहात्तर दिवसांनी सामोआ गाठले. तेथे कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांच्या पत्नी फॅनी यांनी दिवंगत पतीच्या संग्रहातील सागरी मार्गदर्शिका त्यांना भेट दिल्या. ऑस्ट्रेलिया, टास्मानिया, मग कीलिंग, रॉड्रिग्स आणि मॉरिशस असा हिंदी महासागर ओलांडून ते दक्षिण आफ्रिकेत पोहोचले. ट्रान्सवालचे अध्यक्ष पॉल क्रूगर यांची भेट झाली, तेव्हा पृथ्वी सपाट मानणाऱ्या क्रूगर यांना जगाभोवतीचा प्रवास ही कल्पनाच मान्य झाली नाही. सेंट हेलेना बेटावर एका हितचिंतकाने बकरी दिली. तिने दोर, कप्तानाची गवताची टोपी आणि वेस्ट इंडीजचा नकाशा खाऊन टाकला. पुढच्याच बेटावर तिला उतरवण्यात आले, पण नकाशाविना त्या प्रवाळी समुद्रातून जावे लागले.

८ मे १८९८ रोजी ‘स्प्रे’ने जाताना आखलेली स्वतःचीच वाट ओलांडली आणि प्रदक्षिणा पूर्ण झाली. २७ जूनच्या मध्यरात्रीनंतर ती न्यूपोर्ट बंदरात शिरली. स्पेनशी युद्ध सुरू असल्याने बंदरात सुरुंग पेरलेले होते, म्हणून कप्तानाने खडकांना अगदी चिकटून नौका आत आणली. तीन वर्षे आणि दोन महिन्यांहून अधिक काळ, छेचाळीस हजार मैल. युद्धाच्या बातम्यांत गुंतलेल्या देशाने सुरुवातीला फारशी दखलही घेतली नाही. काही दिवसांनी स्लोकम ‘स्प्रे’ला फेअरहेवनला घेऊन गेले आणि ती प्रथम पाण्यात उतरली तेव्हा ज्या खुंटाला बांधली होती, त्याच खुंटाला तिला पुन्हा बांधले.

१९०० मध्ये त्यांचे प्रवासवर्णन पुस्तकरूपाने आले आणि कीर्ती, थोडा पैसा मिळाला. त्यांनी मार्थाज व्हिनयार्ड बेटावर छोटे शेत घेतले. पण जमीन त्यांना मानवली नाही. संसारात दुरावा आला, नौकेची निगा पूर्वीसारखी राहिली नाही. १९०६ मध्ये एका बारा वर्षांच्या मुलीवरील अत्याचाराच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. आरोप सौम्य करण्यात आला, त्याला त्यांनी आव्हान दिले नाही आणि ४२ दिवस तुरुंगात काढले. या माणसाचे चरित्र सांगताना हा डाग लपवता येत नाही. नोव्हेंबर १९०९ मध्ये, पासष्टाव्या वर्षी, दक्षिण अमेरिकेतील ओरिनोको आणि अ‍ॅमेझॉन या नद्यांकडे जाण्यासाठी ते पुन्हा एकटेच निघाले. त्यानंतर ते किंवा ‘स्प्रे’ कुणालाच दिसली नाही. १९२४ मध्ये न्यायालयाने त्यांना मृत घोषित केले. रात्रीच्या अंधारात एखाद्या आगबोटीने ‘स्प्रे’ला धडक दिली असावी, असा एक तर्क आहे. तो खरा असेल, तर वाफेने या खलाशावर दुसऱ्यांदा मात केली, असे म्हणावे लागेल.

स्लोकम यांच्या वाटेने पुढे अनेक जण गेले आणि त्या वाटेवर आपली मुंबईही आहे. १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी कोठेही न थांबता जगातील पहिली एकट्याची प्रदक्षिणा केली, ती ‘सुहैली’ या बत्तीस फुटी नौकेतून. ही सागवानी नौका मुंबईच्या कुलाब्यात बांधलेली होती. १९ ऑगस्ट २००९ रोजी नौदलातील अधिकारी दिलीप दोंदे मुंबईहून निघाले आणि चार बंदरांत थांबून १९ मे २०१० रोजी परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांची छप्पन्न फुटी ‘म्हादेई’ गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली आणि तिच्या बांधणीपासून दोंदे तिच्यासोबत होते. या मोहिमेची कल्पना व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची. निवृत्तीनंतर तेही समुद्रापासून दूर, फलटणजवळच्या विंचुर्णी गावी राहत होते. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच ‘म्हादेई’तून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली.

काळाने निरुपयोगी ठरवलेली माणसे प्रत्येक पिढीत असतात. यंत्र बदलते, बाजार बदलतो आणि हातातले कसब एकाएकी कवडीमोल होते. वऱ्हाडातील विणकर आणि कारागिरांनी हा अनुभव घेतला आहे. स्लोकम यांनी वाफेशी भांडण मांडले नाही. माळावर पडलेली एक मोडकी नौका घेतली, तिचा एक एक जोड तपासला आणि आपल्याला येणारे काम शेवटच्या टोकापर्यंत नेऊन दाखवले. त्यांच्या यशात धाडसाचा वाटा होता, पण त्याहून मोठा वाटा त्या तेरा महिन्यांच्या सुतारकामाचा होता. महासागरात वाचवते ती अगोदर किनाऱ्यावर केलेली मेहनत. सांध्यात ठोकून बसवलेला तो कापूस छेचाळीस हजार मैल टिकला, एवढे खामगावच्या वाचकाने लक्षात ठेवायला हरकत नाही.